लहान कंपन्या पर्यावरणपूरक पुरवठा साखळीकडे का वळतात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कच्चा माल जमिनीतून निघतो तेव्हापासून तयार वस्तू वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत, आणि पुढे ती निकामी होऊन तिची विल्हेवाट लागेपर्यंत, जे जे हात तिला लागतात त्या सर्वांची मिळून पुरवठा साखळी होते. या साखळीत पर्यावरणाची काळजी घ्यायची म्हणजे घातक रसायने टाळणे, वीज, पाणी व कच्चा माल जपून वापरणे, आवेष्टन आणि वाहतूक कमी करणे, आणि आपण ज्यांच्याकडून माल घेतो त्यांच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवणे. लहान कंपन्यांनी हे का करावे आणि त्या ते खरोखर का करतात, यासंबंधी आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून याच विषयावर प्रबंध लिहिते आहे. मोठ्या कंपन्यांची कारणे समजतात. त्यांच्यावर भागधारकांचे आणि प्रसारमाध्यमांचे लक्ष असते. पण ज्यांच्याकडे पर्यावरणासाठी वेगळा माणूस नाही आणि हाताशी जास्तीचा पैसाही नाही, अशा लहान कंपन्या या वाटेला का जातात? एकच मुख्य कारण सांगता येईल का?

उत्तर : सुरुवात कशामुळे होते असे विचाराल तर कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची मागणी. मात्र सुरुवात झालेली गोष्ट पुढे टिकते कशामुळे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही वेगळे आहे. या विषयावरच्या पुष्कळ लेखनात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि मग निष्कर्ष गोंधळाचे निघतात.

कंपन्या पर्यावरणाकडे का वळतात यावर प्रतिमा बन्सल आणि केंडल रॉथ यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटन आणि जपानमधील ५३ कंपन्या पाहून त्यांनी तीन प्रेरणा सांगितल्या : स्पर्धेत पुढे राहणे, समाजाच्या आणि कायद्याच्या नजरेत आपले स्थान शाबूत ठेवणे, आणि पर्यावरणाविषयीची स्वतःची जबाबदारी मानणे. ही विभागणी लहान कंपन्यांनाही लागू पडते, पण तिथे तिचे स्वरूप पालटते. मोठ्या कंपनीत कायद्याचे काम एक विभाग पाहतो, खर्चाचे दुसरा आणि प्रतिष्ठेचे तिसरा. लहान कंपनीत माल खरेदी करणारा, हिशेब पाहणारा, बँकेत जाणारा आणि ग्राहकाचा फोन घेणारा माणूस एकच असतो. त्यामुळे तिन्ही प्रेरणा एकाच डोक्यात एकमेकींशी भांडत असतात आणि त्या दिवशी जिचा जोर जास्त, तिच्यानुसार निर्णय होतो. मालकाला स्वतःला या विषयाची आच असेल तर लहान कंपनी मोठ्या कंपनीपेक्षा कितीतरी लवकर बदलते, कारण तिथे ठराव, समित्या आणि मंजुऱ्या यांत महिने जात नाहीत. त्याला आच नसेल तर बदल फाइलीपुरता राहतो.

संघटनांच्या अभ्यासात १९८३ पासून वापरात असलेली आणखी एक मांडणी तुमच्या उपयोगी पडेल. पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी असे दाखवले की एका क्षेत्रातल्या संस्था तीन दाबांमुळे एकमेकींसारख्या होत जातात : सक्ती, व्यवसायाचे संकेत आणि अनुकरण. यांतल्या सक्तीवर भरपूर लिहिले जाते. लहान उद्योगांच्या बाबतीत अनुकरणाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, असे मला वाटते. लहान कारखानदार जाडजूड अहवाल वाचून यंत्र बदलत नाही. त्याच्याच धंद्यातल्या, त्याच्याएवढ्याच ऐपतीच्या कोणीतरी ते बदलले आणि त्याचे काही बिघडले नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर तो बदलतो. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही हे का करता?’ असा एक ठोकळ प्रश्न ठेवण्यापेक्षा ‘पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून केले?’, ‘करण्यापूर्वी कोणाचे पाहिले होते?’ आणि ‘ती मागणी उद्या बंद झाली तर यांतले काय चालू ठेवाल?’ असे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या प्रबंधाचा गाभा सापडेल.

लहान कंपनी कशाला म्हणायचे हेही आधी ठरवून घ्या. युरोपीय संघात २५० पेक्षा कमी कामगार असलेले उद्योग लघु आणि मध्यम गटात धरले जातात. इतर देशांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगातले सुमारे ९० टक्के उद्योग या गटात मोडतात आणि निम्म्याहून अधिक रोजगार त्यांच्याकडे आहे. आठ कामगारांची कार्यशाळा आणि दोनशे कामगारांचा कारखाना यांना एकाच मापाने मोजलेत तर हाती काहीच लागणार नाही.

प्रश्न : आमचा धातूच्या सुट्या भागांवर मुलामा चढवण्याचा छोटा उद्योग आहे. आमचा सर्वांत मोठा ग्राहक दरवर्षी लांबलचक प्रश्नावली पाठवतो : कोणती रसायने वापरता, वीज किती, सांडपाण्याचे काय करता, प्रमाणपत्र आहे का. भाव मात्र तो वाढवून देत नाही. ज्या कायद्यासाठी तो हे विचारतो तो त्याला लागू आहे, आम्हाला नाही. मग आम्ही हा भार का उचलायचा?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण आधी ही प्रश्नावली येते कुठून ते पाहू, कारण ते कळले म्हणजे तिच्यातल्या कोणत्या प्रश्नाला किती महत्त्व द्यायचे हेही कळते.

डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे १३ लाख प्लेस्टेशन संच अडवले. खेळाच्या संचात दोष नव्हता. त्याला जोडलेल्या केबलमध्ये कॅडमियम हा विषारी धातू तिथल्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. नाताळच्या तोंडावर, वर्षातल्या सर्वाधिक विक्रीच्या काळात, एका किरकोळ वाटणाऱ्या भागामुळे सगळा माल अडकला. त्यानंतर सोनीने पुरवठादारांसाठी ‘ग्रीन पार्टनर’ नावाची मान्यतेची पद्धत बसवली. कोणता पदार्थ कुठून आला आणि त्यात काय आहे, हे पुरवठादाराने दाखवावे लागू लागले. मोठ्या कंपनीचे नाव लहान पुरवठादाराच्या हातात किती असते, हे त्या प्रसंगाने साऱ्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाला कळले.

पुढे १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात ‘रोह्स’ हा निर्देश लागू झाला. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आणि आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये घातली जाणारी ब्रोमीनची दोन प्रकारची संयुगे यांचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, आणि कॅडमियमचे ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, असे त्यात ठरले. २०१९ मध्ये त्यात आणखी चार रसायनांची भर पडली. तुमच्या धंद्याच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी की हे प्रमाण संपूर्ण वस्तूच्या वजनावर मोजत नाहीत, तर ज्याला यांत्रिक रीतीने आणखी वेगळे करता येत नाही अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थात मोजतात. म्हणजे पाव किलोच्या पोलादी ब्रॅकेटवर तुम्ही चढवलेला काही मायक्रॉन जाडीचा थर स्वतंत्रपणे मोजला जातो. त्या थरातले षट्संयुजी क्रोमियम मर्यादेबाहेर गेले तर अख्खी वस्तू बाजारातून बाद होते. म्हणूनच तुमच्या ग्राहकाला तुमच्या टाकीत काय आहे ते जाणून घ्यावे लागते. वाहन उद्योगातही हेच घडले. तिथे २००० पासून एक समाईक माहितीसाठा उभा राहिला असून गाडीत जाणाऱ्या प्रत्येक भागाची द्रव्यघटना पुरवठादाराने त्यात नोंदवायची असते.

रसायनांच्या पाठोपाठ उत्सर्जनाचा हिशेब आला. हरितगृह वायूंच्या मोजणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन कक्षा आहेत : स्वतःच्या भट्ट्या आणि वाहनांमधून होणारे उत्सर्जन पहिल्या कक्षेत, विकत घेतलेल्या विजेचे दुसऱ्या, आणि पुरवठादारांकडून आलेला माल, वाहतूक, वस्तूचा वापर व विल्हेवाट हे सगळे तिसऱ्या कक्षेत. या तिसऱ्या कक्षेचे मानक २०११ साली आले आणि त्यात पंधरा प्रकार मोजावे लागतात. बहुतेक उत्पादक कंपन्यांच्या बाबतीत ही तिसरी कक्षा पहिल्या दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे एखाद्या मोठ्या कंपनीने उत्सर्जन घटवण्याची घोषणा केली की तिला ती घट स्वतःच्या आवारात पुरेशी करता येत नाही, आणि आकडे मागायला ती तुमच्या दारात येते. वॉलमार्टने २०१७ मध्ये पुरवठा साखळीतून २०३० पर्यंत एक अब्ज टन उत्सर्जन टाळण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तो पूर्णपणे पुरवठादारांच्या भरवशावर उभा होता.

आता आयात करातही ही गोष्ट शिरली आहे. युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्या आयातीवर सीमेवरच कार्बनचे शुल्क लावण्याची योजना आणली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना फक्त माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक दायित्वाचा टप्पा सुरू झाला. वीज आणि हायड्रोजन सोडून इतर माल वर्षाला ५० टनांपेक्षा कमी आणणाऱ्या आयातदारांना त्यातून वगळले आहे. पण या यादीत साधे नट-बोल्टसुद्धा आहेत, आणि नट-बोल्ट बनवणारे बरेच कारखाने लहान असतात. ज्याच्याकडे स्वतःचे मोजलेले आकडे नाहीत त्याच्या मालासाठी ठरावीक आकडे गृहीत धरले जातात, आणि ते सहसा त्याच्या गैरसोयीचे असतात.

तेव्हा कायदा तुम्हाला थेट लागू नाही हे खरे असले, तरी तो तुमच्यापर्यंत पोहोचतो तो खरेदीच्या करारातून. कायद्याच्या निरीक्षकापेक्षा करारातली अट लहान कंपनीला अधिक लवकर हलवते, याचे कारण उघड आहे. निरीक्षक दंड करील. ग्राहक ऑर्डर बंद करील. तुमच्या विक्रीचा मोठा हिस्सा एकाच ग्राहकाकडे जात असेल तर ती अट तुमच्यासाठी कायद्याहूनही कडक ठरते.

भाव वाढवून न देता काम वाढवणे अन्यायाचे आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. मात्र प्रश्नावली कोरी परत पाठवण्याने तो अन्याय दूर होत नाही. त्याऐवजी तिच्यातले प्रश्न दोन भागांत वाटा. रसायने, वीज, पाणी आणि टाकाऊ माल यांचे प्रश्न तुमच्या स्वतःच्या धंद्याचे आहेत. ती माहिती एकदा नीट जमवली की ती प्रत्येक ग्राहकाला देता येते आणि नवा ग्राहक मिळवतानाही उपयोगी पडते. उरलेल्या प्रश्नांपैकी जे तुमच्या आकाराच्या उद्योगाला लागू होत नाहीत, त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहा. लहान कंपन्यांवर असा माहितीचा मारा होतो हे युरोपीय संघालाही मान्य करावे लागले. तिथे शेअर बाजारात नोंद नसलेल्या लहान उद्योगांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये स्वेच्छेने वापरायचा एक सुटसुटीत अहवाल नमुना तयार झाला आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्याची शिफारस केली. प्रत्येक ग्राहकाच्या वेगळ्या प्रश्नावलीऐवजी असा एकच नमुना भरून द्यायची तयारी दाखवा. बरेच ग्राहक तो स्वीकारतात, कारण त्यांनाही उत्तर वेळेवर हवे असते.

प्रश्न : मी वीस माणसांचा शिवणकामाचा कारखाना चालवते. पर्यावरण जपल्याने पैसे वाचतात असे सगळीकडे वाचायला मिळते, पण नेमके कुठे वाचतात ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : वाचतात, पण सगळ्या ठिकाणी नाही, आणि ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. जिथे पर्यावरणाची हानी आणि मालाची नासाडी ही एकाच कृतीची दोन अंगे असतात, तिथे बचत हमखास होते. जिथे हानी टाळण्यासाठी महाग पर्याय वापरावा लागतो, तिथे ती होत नाही, निदान लगेच तरी नाही.

पहिल्या प्रकारात तुमच्याकडे सर्वांत आधी कापड येते. मार्कर बसवताना, म्हणजे कापडावर नमुन्यांची मांडणी करताना, दोन-तीन टक्के कापड वाचले तर ते वर्षभरात मोठ्या रकमेइतके भरते. शिवाय ते कापड पिकवायला, रंगवायला आणि वाहून आणायला लागलेले पाणी, रसायने आणि इंधन हेही वाचते. मांडणीतली ही सुधारणा ज्याला पर्यावरणाचे सोयरसुतक नाही असा मालकही करतो. ती पर्यावरणपूरक आहे हे त्याला नंतर कोणीतरी सांगते.

दुसरी जागा म्हणजे दाबाखालची हवा. ज्या कारखान्यात कॉम्प्रेसर आहे तिथे जेवणाच्या सुटीत, सगळी यंत्रे थांबलेली असताना, पाच मिनिटे शांत उभे राहा. जोडांतून, जुन्या नळ्यांतून, न वापरलेल्या तोट्यांतून सुसू असा आवाज येत राहील आणि कोणी हवा वापरत नसतानाही कॉम्प्रेसर मधून मधून आपोआप सुरू होईल. तो भरून काढतो आहे ती फक्त गळती. देखभाल नसलेल्या ठिकाणी कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा अशीच जाते, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश जोडांवर फिरवला की जिथे बुडबुडे येतात तिथे गळती आहे. वायसर आणि पट्ट्या बदलणे एवढाच त्यावरचा खर्च. शिवाय गरजेपेक्षा जास्त दाब ठेवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते. दाब एक बारने (बार हे दाबाचे एकक) कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज साधारण सात टक्क्यांनी घटते. इस्त्रीसाठी वाफ वापरत असाल तर वाफेच्या नळ्यांवरचे आवरण आणि वाफेचे सापळे, म्हणजे नळ्यांत साचलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा, यांचीही अशीच पाहणी करा.

तिसरी जागा आवेष्टनाची, आणि इथे एकट्याने फारसे साधत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी परत येणारे प्लास्टिकचे क्रेट वापरायचे तर ते रिकामे परत यावे लागतात, आणि त्यासाठी ग्राहकाची गाडी येताना रिकामी न येता क्रेट घेऊन आली पाहिजे. तो समन्वय जमला तर खोक्यांचा खर्च आणि मालाचे नुकसान दोन्ही घटते. अंतर लांब असेल आणि क्रेट परत आणायला वेगळी गाडी पाठवावी लागत असेल, तर हिशेब उलटतो, आणि पर्यावरणाचाही उलटतो.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे बचत न होणाऱ्या बदलाचे, स्वच्छ उदाहरण शिशाशिवायच्या सोल्डरिंगचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग वितळलेल्या धातूने जोडण्याच्या कामाचे, आहे. कथिल आणि शिसे यांचा जुना मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळायचा. त्याच्या जागी आलेल्या कथिल, चांदी आणि तांबे यांच्या मिश्रधातूला २१७ अंश लागतात. म्हणजे भट्टी जास्त तापवायची, काही सुटे भाग तेवढे तापमान सोसत नाहीत म्हणून तेही बदलायचे, आणि मिश्रधातूत चांदी असल्याने तो महागही पडतो. छोट्या जोडणी कारखान्यांनी हे केले, ते बाजार गमवायचा नव्हता म्हणून. कामगारांचा शिशाशी येणारा संपर्क घटला ही या बदलाची मोठी कमाई आहे. ताळेबंदात ती कुठेच दिसत नाही, पण म्हणून ती कमाई नाही असे कोणी म्हणू नये. बचत हेच एकमेव कारण मानले तर असे बदल कधीच झाले नसते.

प्रश्न : लहान कंपन्यांचे प्रदूषण ते किती? मोठ्यांना सोडून त्यांच्या मागे लागण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : एकेका कंपनीचे थोडे असते, पण कंपन्या अगणित असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साखळीतली सर्वांत घातक कामे, म्हणजे मुलामा, रंगाई, चामडे कमावणे, भंगार वितळवणे, ही बऱ्याचदा लहान उद्योगांकडेच दिलेली असतात, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची साधने त्यांच्याकडेच कमी असतात. मोठ्यांना सोडावे असे मात्र कोणीच म्हणत नाही. हे काम लहानांकडे सोपवले कोणी आणि कोणत्या भावात, हा प्रश्न मोठ्यांनाच विचारायला हवा.

प्रश्न : मी एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या खरेदी विभागात काम करतो. आमच्या लहान पुरवठादारांकडून आम्ही आचारसंहितेवर सह्या घेतो, काहींनी आयएसओ १४००१ प्रमाणपत्रही मिळवले आहे. पण प्रत्यक्ष पाहणीत फार काही बदललेले दिसत नाही. आमचे कुठे चुकते?

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात याचे समाधान वाटते, कारण या साखळीत ज्याच्या हातात सर्वाधिक आहे तो दुवा तुम्ही आहात.

पुरवठादार तुमच्याकडे दोन दाराने येणाऱ्या संदेशांकडे पाहतो. पर्यावरण विभागाचा संदेश सांगतो की सुधारणा करा. खरेदी विभागाचा संदेश सांगतो की पुढच्या तिमाहीत भाव कमी करा, नाहीतर दुसरा पुरवठादार तयार आहे. दुसऱ्या संदेशावर ऑर्डर अवलंबून असते, म्हणून तो त्यालाच उत्तर देतो आणि पहिल्याला सही देतो. यात लबाडी शोधण्याची गरज नाही. ज्याची ऑर्डर सहा महिन्यांपलीकडे पक्की नाही, त्याने चार वर्षांत वसूल होणारे सांडपाणी यंत्र घ्यावे अशी अपेक्षाच अवास्तव आहे. तुमच्या जागी मी असतो तर आचारसंहितेचे आणखी एक पान वाढवण्याआधी कराराची मुदत वाढवली असती.

आयएसओ १४००१ हे मानक १९९६ पासून आहे आणि ते उपयुक्त आहे, पण ते काय सांगते हे लक्षात घ्या. कंपनीकडे पर्यावरणविषयक व्यवस्थापनाची पद्धत आहे, ती उद्दिष्टे ठरवते, नोंदी ठेवते आणि सुधारणा करण्याचा प्रयत्न करते, एवढे ते प्रमाणित करते. प्रदूषण अमुक मर्यादेखाली आहे असे ते म्हणत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र पाहून थांबू नका; दर नगामागे वीज, पाणी आणि टाकाऊ माल यांचे आकडे मागा, आणि ते मोजायला शिकवायला तुमचा अभियंता चार दिवस त्यांच्याकडे पाठवा. लहान कंपनीला पैशाइतकीच जाणकार माणसाची उणीव असते. मोठ्या कंपनीचा एक अनुभवी अभियंता तिथल्या भट्टीजवळ एक दिवस घालवतो तेव्हा जे बदलते, ते दहा कार्यशाळांतून बदलत नाही.

भांडवलाचा प्रश्नही तुम्ही सोडवू शकता. जीन्स विकणाऱ्या लेव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१४ मध्ये जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाबरोबर अशी योजना सुरू केली की पर्यावरण आणि कामगारविषयक निकषांवर ज्या पुरवठादाराची कामगिरी चांगली, त्याला खेळत्या भांडवलासाठी कमी व्याजदर मिळावा. यातली खुबी अशी की सुधारणेचे बक्षीस पुरवठादाराला त्याच महिन्यात, त्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे व्याजाच्या आकड्यात दिसते. एवढी मोठी योजना तुम्हाला जमणार नसेल तर एक साधी गोष्ट आजही करता येईल : चांगले काम करणाऱ्यांची बिले आधी चुकती करा. लहान उद्योगाच्या दृष्टीने तीस दिवसांनी मिळणारे पैसे आणि नव्वद दिवसांनी मिळणारे पैसे यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आणखी एक मुद्दा तुमच्या आराखडा विभागासाठी. पुरवठादार कोणता लेप, कोणते द्रावक, किती जाडीचे आवेष्टन वापरतो हे पुष्कळदा तुमच्याच आरेखनात लिहिलेले असते. ते न बदलता पुरवठादाराला पर्यावरणपूरक व्हायला सांगणे म्हणजे त्याचे हात बांधून त्याला पोहायला सांगण्यासारखे आहे. वर्षातून एकदा पुरवठादाराला बोलावून ‘आमच्या अटींपैकी कोणती अट अनाठायी आहे?’ असे विचारा, आणि तो जे सांगेल ते आराखडा विभागाच्या माणसाने तिथेच बसून ऐकावे.

प्रश्न : आम्ही स्वतः लहान आहोत आणि ज्यांच्याकडून कच्चा माल घेतो त्यांपैकी काही आमच्याहून लहान, तर काही फार मोठे आहेत. आमचा ग्राहक म्हणतो की त्यांच्याकडूनही माहिती आणा. मोठे पुरवठादार आमच्या पत्राला उत्तर देत नाहीत आणि लहानांना प्रश्नच कळत नाही. काय करावे?

उत्तर : लहान कंपन्यांची ही अडचण खरी आहे, आणि ग्राहक कंपन्या ती क्वचितच समजून घेतात. मोठ्या ग्राहकाला तुमच्यावर दाब आणता येतो, पण महिन्याला चार पिंपे रसायन घेणाऱ्या तुम्हाला त्या रसायनाच्या महाकाय उत्पादकावर कसलाच दाब आणता येत नाही.

मोठ्या पुरवठादारांच्या बाबतीत पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. रसायनांसाठी सुरक्षाविषयक माहितीपत्रक देणे उत्पादकाला बहुतेक देशांत बंधनकारक असते, आणि त्यातल्या तिसऱ्या भागात घातक घटक व त्यांचे प्रमाण दिलेले असते. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या मोठ्या उत्पादकांपैकी अनेकजण आपल्या मालाच्या पर्यावरणीय परिणामांची तपासलेली घोषणापत्रे प्रसिद्ध करतात. ही कागदपत्रे तुमच्या ग्राहकाला पुरतात. तरीही काही उरले तर ग्राहकालाच विनंती करा की त्या उत्पादकाला त्याने स्वतः पत्र लिहावे. त्याच्या पत्राला उत्तर येते. तुमच्यासारख्याच मालाची खरेदी करणारे इतर लहान उद्योजक एकत्र आले आणि धंद्याच्या संघटनेमार्फत एकच मागणी गेली, तरीही उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

तुमच्याहून लहान पुरवठादारांना प्रश्नावली पाठवू नका. तुमच्या पत्रातून असे दिसते की प्रश्नावलीचा त्रास तुम्ही स्वतः सोसला आहे. तो तसाच खाली ढकलला तर खालून खोटी उत्तरे वर येतील. त्यांच्याकडे जा, माल कसा होतो ते पाहा, रसायनांचे डबे आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या पाहा, विजेची बिले मागून घ्या आणि तक्ता तुम्हीच भरा. त्यांचे नाव लिहून, पाहणीची तारीख टाकून, दोघांच्याही सह्या करा. जिथे आकडा मोजलेला नसेल तिथे ‘अंदाजे’ असे लिहा. मोजलेला म्हणून दिलेला अंदाज पुढच्या तपासणीत उघडा पडला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. पहिल्या वर्षी सगळे पुरवठादार घेऊ नका. ज्यांच्याकडून घातक रसायनांशी संबंध येणारा माल येतो ते आधी, वजनाने सर्वाधिक माल देणारे नंतर, आणि बाकीचे पुढच्या वर्षी. हा क्रम ग्राहकाला लेखी कळवा आणि त्यावर त्याची लेखी संमती घ्या.